परसातलं तळं आणि कूलरचं पाणी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सांस्कृतिक समितीनं मला विषय दिला आहे 'निवृत्तीनंतरचा छंद'. माझा छंद तुम्हा सर्वांना ठाऊकच आहे, कारण त्याबद्दल सचिवांकडे रीतसर अर्ज आलेला आहे. सदर सभासदाने घरामागे डबके तयार केले असून त्यामुळे डास वाढले आहेत, तरी ते बुजवण्याची समज द्यावी, असा त्याचा आशय. येत्या वार्षिक सभेत तो विषय घेतला जाईल. अर्ज ज्या घरून आला, तिथल्या नातवाला यंदा डेंग्यू झाला होता. पाच दिवस पोरगं दवाखान्यात होतं. त्या घरचा राग खोटा नाही, हे आधीच सांगतो. म्हणून आज छंदाची गंमत थोडी आणि पाण्याचा हिशोब जास्त. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला हिशोबाशिवाय बोलता येत नाही.

तळं म्हणजे फार मोठं काही नाही. दहा फूट लांब, सात फूट रुंद, मधोमध अडीच फूट खोल. कडा मात्र उतरत्या ठेवल्यात, परातीसारख्या. उभ्या भिंतीच्या हौदात पडलेली खार किंवा बेडकाचं पिल्लू बाहेर येऊ शकत नाही, आणि पक्ष्याला अंघोळीला दोन बोटंच पाणी लागतं. सिमेंटचा विचार मनात आला होता. पण आपली वर्ध्याची काळी माती! पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. सिमेंट तिच्यावर टिकणं कठीण. म्हणून शेततळ्याला घालतात तो 500 मायक्रॉनचा प्लास्टिक कागद आणला, खाली जुन्या सतरंज्या अंथरल्या. जागा कडुनिंबापासून लांब निवडली, कारण पानगळीत पानं पडली की पाणी कुजतं. गच्चीचा पाइप सरळ तळ्यात सोडला. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर 40 मिलिमीटर पाऊस पडला की साडेतीन हजार लिटरच्या वर पाणी येतं. माझं तळं तीन हजारांत भरतं. एका चांगल्या पावसाचं काम.

कागद अंथरून पाणी भरलं म्हणजे तळं झालं, असं मात्र नाही. तेव्हा ते खरंच डबकं असतं. माझे एक शेजारी कुंपणावरून म्हणाले होते, "काहून जी साहेब, मच्छर पाळता का?" पहिल्या पंधरवड्यात त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. स्वयंपाकघरातला डाव घेऊन मी पाणी उचलायचो, तर त्यात वळवळणाऱ्या अळ्या दिसायच्या. त्या मी गाळून काढायचो. मग जुन्या तलावातला बादलीभर गाळ आणि हायड्रिला आणून टाकला. हायड्रिला म्हणजे शाळेत नरसाळ्याखाली ठेवून प्राणवायूचे बुडबुडे दाखवायचे ना, तीच वनस्पती. कुमुदिनीचे दोन कंद लावले. जलकुंभीला मात्र हात लावला नाही, ती सगळं पाणी झाकून टाकते.

पाणवनस्पतींचं महत्त्व मला आपल्या पूर्वेकडच्या मालगुजारी तलावांवरून पटलं. भंडारा-गोंदियाकडे मनीष राजनकर आणि तिथले ढीवर बांधव यांनी तलावांतली बेशरम काढली आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. वनस्पती आल्या की त्यांच्या आधारानं किडे, मासे, पक्षी येतात. माझ्या दहा फुटांत तेच लहान प्रमाणावर घडलं. बेडूक मी आणले नाहीत, चतुर आणले नाहीत. ते स्वतः आले.

चतुर म्हणजे लहानपणी आपण ज्याच्या शेपटीला दोरा बांधायचो तो. त्याचं पिल्लू पाण्यात वाढतं आणि दिसायला अगदी बेंगरूळ. त्याचा खालचा ओठ घडी घातलेल्या हातासारखा असतो. तो झटकन पुढे फेकून ते अळी पकडतं. मोठा झालेला चतुर हवेत डास धरतो. पावसाच्या सुमारास आपल्या मैदानावर पिवळसर चतुरांचे थवे फिरतात ना, त्या जातीचे चतुर हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेपर्यंत जात असावेत, असं मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन यांनी 2009 साली मांडलं. एवढा प्रवासी माझ्याकडे मुक्कामाला येतो, याचा मला थोडा अभिमान आहे!

आता डेंग्यूचा मुद्दा. हा रोग पसरवणारा एडिस डास, पांढऱ्या पट्ट्यांचा, दिवसा चावणारा. त्याला घराजवळचं, भांड्यातलं, साठून राहिलेलं पाणी आवडतं. टायर, कुंड्यांखालच्या बशा, फ्रिजमागचा ट्रे, आणि आपल्या विदर्भात सगळ्यात मुख्य म्हणजे कूलर. जून-जुलैत पाऊस आला की आपण कूलर बंद करतो, पण टाकीतलं पाणी तसंच राहतं. त्या पाण्यात ना मासा, ना चतुराचं पिल्लू. अळ्यांना खाणारं कोणीच नाही. अंड्यापासून डास व्हायला उबेत आठ-दहा दिवस पुरतात. शिवाय या डासाची अंडी पाण्याच्या रेषेजवळ टाकीच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, टाकी घासावी लागते. आठवड्याला एक कोरडा दिवस पाळा, असं आरोग्य खात्याचे लोक घसा कोरडा करून सांगतात, ते यासाठीच. यंदा जुलैत मी आणि आपली दोन कॉलेजची मुलं डाव घेऊन आपल्या गल्लीत फिरलो. कोणाच्या टाकीत काय मिळालं ते इथे सांगत नाही, पण जिथे मिळालं त्या प्रत्येक घरी सांगून टाकी रिकामी करवली.

हिवताप विभागाचे गप्पी मासे सिमेंटच्या हौदासाठी चांगले. मी ते टाकले नाहीत, कारण ते बेडकाची अंडी आणि इवली पिल्लंही खातात, आणि मला बेडूक हवे आहेत. पहिल्या मोठ्या पावसानंतर रात्री जो मोठा आवाज येतो, तो पिवळाधमक झालेल्या नर बेडकांचा. 1987 साली आपल्या देशानं बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली. त्याआधी परदेशातल्या ताटांसाठी टनांनी बेडूक मारले जात, आणि शेतातली कीड खाणारा शिपाई कमी होत होता. आवाजाबद्दल म्हणाल तर तो चार-सहा रात्रींचा कार्यक्रम असतो. गणपतीतल्या लाऊडस्पीकरपेक्षा बरा.

पाण्याच्या नासाडीचाही मुद्दा अर्जात आहे. मे महिन्यात माझ्या पट्टीवर पातळी दिवसाला साधारण एक सेंटीमीटर उतरते. सत्तर चौरस फुटांवर एक सेंटीमीटर म्हणजे पासष्ट लिटर, चार-पाच बादल्या. आपल्याकडचा एक मोठा कूलर दिवसाला एवढं तरी पितोच. मी नळाचं पाणी एक दिवस ड्रममध्ये ठेवून मग सोडतो, म्हणजे त्यातलं क्लोरीन उडून जातं. त्या चार बादल्यांवर पंचेचाळीस डिग्रीत कोण कोण येतं! बुलबुल, साळुंक्या, दयाळ, सातभाईंची अख्खी बिऱ्हाडं, भर दुपारी पोळ्यासाठी पाणी न्यायला आलेल्या मधमाश्या, संध्याकाळी मुंगूस. 2018 मध्ये बहार नेचर फाउंडेशनच्या पुढाकारानं वर्ध्यात शहरपक्ष्याची निवडणूक झाली आणि नीलपंख निवडून आला. मीही मतदान केलं होतं. तो अजून माझ्याकडे फिरकला नाही, निवडून आल्यावर कोण येतं?

लहान मुलांची काळजी मात्र रास्त आहे, त्यावर वाद घालणार नाही. पाण्याखाली चार बोटांवर वेल्डिंगची जाळी बसवली आहे, तिच्यावर मी स्वतः उभा राहून पाहिलं आहे. फाटकाला कुलूप आहे, किल्ली घरात असते. साप एकदा आला होता, पाणदिवड, म्हणजे धोंड्या. बिनविषारी. चिडला तर चावतो, म्हणून मुलांना लांब उभं करून दाखवला, आणि तो बेडूक घेऊन निघून गेला.

वार्षिक सभेत मी पुढीलप्रमाणे सूचना मांडणार आहे. तळ्यातले दहा डाव आणि आपल्या ओळीतल्या प्रत्येक कूलरचा एक डाव, असं मोजमाप दर रविवारी व्हावं. ते अर्जदारांनी आणि मी मिळून करावं. आकडे रजिस्टरमध्ये लिहावेत, खाली दोघांच्या सह्या. पावसाळा संपेपर्यंत सलग दोन रविवार तळ्यात डासांच्या अळ्या मिळाल्या, तर ठरावाची वाट न पाहता मी कागद गुंडाळून माती भरीन. आणि कूलरमध्ये मिळाल्या, तर त्या कूलरच्या मालकानं त्याच दिवशी टाकी घासावी.

रजिस्टर आणून ठेवलं आहे. येत्या रविवारी सकाळी सात वाजता मागच्या फाटकानं या. डाव मी देईन, मोजायचं तुम्ही.