कुरणाची मशागत : करावी की न करावी?

पुणे शहरात रोज सकाळी दाराशी येणाऱ्या दुधाचा उगम शोधीत गेले, म्हणजे ती वाट अखेरीस गवताच्या काडीपाशी जाऊन थांबते. ती काडी ज्या जमिनीत उगवते, तिच्याविषयी मात्र शहरात फारसे बोलले जात नाही. शेताला नांगर, कुळव आणि वखर यांचा लाभ होतो. कुरणाच्या वाट्याला येतात ती केवळ जनावरांची खुरे. वर्षानुवर्षे तुडविली गेलेली जमीन कठीण बनते, पावसाचे पाणी तिच्यात न मुरता वाहून जाते आणि गवत खुरटते. म्हणून गोशाळांचे चालक आणि शहराबाहेर दोनचार एकर जमीन घेऊन एखाददुसरी गाय बाळगणारे गृहस्थ असा प्रश्न विचारतात की, यंत्राने भोके पाडून कुरणाच्या जमिनीत हवा खेळती केली, तर गवत वाढेल काय? यंत्र विकणाऱ्याचे उत्तर ठरलेले असते. जमिनीचे उत्तर मात्र जागोजागी निराळे असते.

प्रथम हवेची गरज कशासाठी, ते पाहिले पाहिजे. चांगल्या जमिनीचा जवळजवळ निम्मा भाग पोकळ असतो. त्या बारीक पोकळ्यांतून पाणी व हवा यांची ये-जा चालते. मुळे श्वास घेतात ती याच हवेवर. गांडुळे आणि सूक्ष्म जंतू जगतात तेही तिच्यावरच. गाईचे वजन चारशे किलोंच्या घरात असते आणि ते सारे चार खुरांवर तोललेले असते. चालताना तर ते दोनतीन खुरांवरच येते. जमीन कोरडी असली, तर हा भार ती सहज सोसते. परंतु आषाढातील ओल्या जमिनीवर गुरे मोकळी सोडली, म्हणजे माती लोण्यासारखी दबते, पोकळ्या मिटतात आणि वर एक घट्ट थर तयार होतो. खुरांनी झालेली ही दाबणूक बहुधा वरच्या चारसहा इंचांतच असते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण कोणते अवजार घ्यावे, याचा निर्णय बराचसा तिच्यावर अवलंबून आहे.

पुण्याच्या परिसरात दोन प्रकारची जमीन प्रामुख्याने आढळते. सखल भागात काळी, चिकण जमीन. माळावर आणि टेकड्यांच्या उतारावर मुरमाड, उथळ जमीन. काळ्या जमिनीचा स्वभाव असा की, ती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. चैत्र-वैशाखात तिला हात जाईल एवढ्या रुंद भेगा पडतात आणि त्या खोलवर जातात. वळवाच्या सरींबरोबर वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते. म्हणजे जे काम करण्यासाठी यंत्र आणावयाचे, ते काम उन्हाळा दरवर्षी विनामूल्य करून ठेवतो. अशा जमिनीला भेगा पडत असतील, तोवर तिच्यावर यंत्राचा खर्च करण्याचे सहसा कारण नाही.

मुरमाड माळाची अडचण निराळी. तेथे वीतभर मातीखाली मुरूम किंवा कातळ लागतो. यंत्राचे दाते त्यावर आपटून वाकतात, तुटतात आणि खालचे दगड वर येतात. शिवाय तेथील पवना, शेडा यांसारख्या बहुवर्षायू गवतांची मुळेच माती धरून ठेवीत असतात. ती उखडली गेली, तर उतारावरची माती पहिल्याच पावसात ओढ्याला मिळते आणि मोकळ्या झालेल्या जागी कुसळीसारखी हलकी गवते शिरकाव करतात. जुन्या माळाला नांगर लावणे म्हणजे मशागत नव्हे. ती मोडतोडच होय.

मग यंत्राचा उपयोग कोठेच नाही काय? आहे; परंतु त्याचे क्षेत्र मर्यादित आहे. गोठ्याभोवतालची जागा, पाण्याच्या हौदाकडे जाणारी वाट, फाटकाजवळचा तुकडा आणि ट्रॅक्टर वारंवार फिरलेली, ओलिताखालील लावणीची कुरणे, येथे माती खरोखर दबलेली असते. युरोप-अमेरिकेतील प्रयोगांचा निष्कर्षही साधारण असाच आहे. जेथे दाबणूक गंभीर होती, तेथे लाभ झाला. जेथे ती नव्हती, तेथे उत्पन्न वाढले नाही आणि काही ठिकाणी मुळे तुटल्यामुळे पहिली कापणी उलट कमी आली.

म्हणून अवजारापूर्वी परीक्षा हवी. ती सोपी आहे. पावसाळ्यात दोन दिवसांची उघडीप मिळाल्यावर बोटाएवढी जाड लोखंडी सळई हाताने जमिनीत दाबावी. ती सहज वीतभर गेली, तर प्रश्न मिटला. तीनचार इंचांवर अडली आणि मग जोर करताच पुढे सरकली, तर तेथे दाबलेला थर आहे असे समजावे. अडून खणखणली, तर तो दगड आहे. त्यानंतर फावड्याने एक ढेकूळ उचलून मुळे पाहावी. मुळे सरळ खाली गेली असतील, तर जमीन निरोगी आहे; एका पातळीवर आडवी वळली असतील, तर उपाय करणे योग्य.

उपायांची अवजारे चार प्रकारची आहेत. पहिला प्रकार भरीव खिळ्यांच्या रुळाचा. तो स्वस्त असतो. परंतु चिकण मातीत खिळा भोक पाडताना बाजूची माती अधिकच दाबतो, म्हणून पुण्याकडच्या काळ्या जमिनीस तो फारसा मानवत नाही. दुसरा प्रकार पोकळ दात्यांच्या यंत्राचा. हे यंत्र मातीची बोटभर गुंडी उपसून बाहेर टाकते. गोल्फची मैदाने आणि बंगल्यापुढील हिरवळ यांना हेच योग्य. मात्र एकरांच्या हिशेबाने ते महाग व संथ ठरते. तिसरा प्रकार फिरत्या पात्यांचा. ही पाती चारसहा इंच खोल चिरा पाडतात आणि गवत फारसे उखडत नाहीत. गुरांनी दाबलेल्या कुरणास हाच प्रकार सर्वांत सोयीचा. चौथा, खोल जाणारा एकदाती नांगर, ज्यास सबसॉयलर म्हणतात. ऑस्ट्रेलियात १९५० नंतरच्या काळात पी. ए. योमन्स यांनी अशा नांगराने समपातळीच्या धोरणाने कुरणे सुधारण्याचा पुरस्कार केला. परंतु त्याला शक्तिमान ट्रॅक्टर आणि खोल माती लागते. माळावर त्याचे काम नाही. गोठ्याजवळच्या लहान तुकड्यासाठी तर साधा बागेचा काटाही पुरतो. तो रोवून किंचित मागे झुकवावा आणि माती न उलटता उपसून घ्यावा.

कोणतेही अवजार वापरले, तरी वेळ साधली पाहिजे. मातीची चिमूट तळहातावर वळून पाहावी. तिची लांब वाती झाली, तर जमीन फार ओली आहे. अशा वेळी यंत्राच्या चाकांनीच नवी दाबणूक होईल. ती किंचित ओलसर असून चुरगळली, तर वेळ योग्य. चिरा उताराला आडव्या पाडाव्या, म्हणजे त्यांत पाणी अडते. उताराच्या दिशेने पाडल्या, तर त्याच चिरा ओहोळ बनतात. काम झाल्यावर काही आठवडे गुरे आत सोडू नयेत.

तथापि सर्वांत स्वस्त अवजार म्हणजे कुंपण आणि पाळी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुण्याच्या शेतकी कॉलेजातील विल्यम बर्न्स आणि त्यांचे सहकारी यांनी भांबुर्ड्याच्या, म्हणजे आजच्या शिवाजीनगरच्या, माळावर गवतांचा अभ्यास केला. त्यांचे लक्ष चराईच्या व्यवस्थेकडे होते. मराठेशाहीत घोड्यांसाठी कुरणे राखून ठेवीत, तीही याच जाणिवेने. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरेबाजार या गावाने १९९० नंतरच्या दशकात चराईबंदी पाळली, गवत कापून आणण्याची रीत घातली आणि वैराणीचा प्रश्न बराच हलका केला. विश्रांती मिळालेल्या जमिनीत मुळे खोल उतरतात, मेलेल्या मुळांच्या जागी नळ्या राहतात आणि गांडुळे, मुंग्या व शेणकिडे आपापली बिळे कोरतात. गांडुळांच्या या कामाचे महत्त्व डार्विनने १८८१ सालीच ग्रंथरूपाने जगापुढे मांडले होते.

ज्यास तरीही शंका असेल, त्याने संपूर्ण कुरणावर एकदम खर्च करू नये. भाड्याने यंत्र आणून एकाआड एक अशा तीन पट्ट्यांवर चालवावे आणि मधल्या पट्ट्या तशाच सोडाव्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास, गवत कापणीस आले असता, प्रत्येक पट्टीतून एक मीटर लांबरुंद चौकटीतील गवत कापून, वाळवून, तोलावे. दोन्हींच्या वजनांत भाड्याची भरपाई होईल एवढा फरक निघाला, तर पुढील वर्षी यंत्र पुन्हा आणावे. न निघाला, तर ते पैसे कुंपणाच्या तारेवर खर्च करावे. अशा रीतीने घरच्या तराजूने दिलेला निवाडा दुकानातील जाहिरातीहून आणि शेजाऱ्याच्या अनुभवाहूनही अधिक भरवशाचा असतो.