शरणपूर : गोदाकाठचे एक न वाचलेले पान

(नाशिक येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



आपल्यापैकी बहुतेकजण दिवसातून एकदा तरी शरणपूर रस्त्याने जात असतील. महाविद्यालयात असताना मीही त्या रस्त्याने रोज सायकल हाकली. पण या नावाचा अर्थ काय, असा प्रश्न पदवी हाती पडेपर्यंत मनात आला नाही. पंचवटीचा प्रत्येक दगड आपल्याला इतिहास सांगतो. शरणपूरही सांगते, पण ऐकण्यासाठी आपण तेथे थांबत नाही. आज थोडे थांबू या.

पेशवाई बुडाली १८१८ साली. त्यानंतर अवघ्या चौदा वर्षांनी, १८३२ मध्ये, इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीने नाशकात ठाणे मांडले. पहिल्या मिशनऱ्यांत चार्ल्स फरार हे एक होते. पुढे कँटरबरीचे डीन म्हणून प्रसिद्धीस आलेले फ्रेडरिक फरार ते यांचेच पुत्र. त्यांचा जन्म मुंबईचा. क्षेत्राच्या ठिकाणी, घाटावरच्या शास्त्रीमंडळींसमोर धर्मप्रसार करावयाचा हा बेत धाडसी होता. परंतु फळ फारसे आले नाही. दोन दशकांच्या खटपटीनंतरही बाप्तिस्मा घेणारे थोडेच निघाले.

जे निघाले त्यांचे काय झाले? वाळीत पडले. विहीर बंद, घर बंद, धंदा बंद. १८५० च्या कायद्याने धर्मांतरिताचा वारसाहक्क शाबूत राखला खरा. पण कायद्याने कोणी पंक्तीला बसवून घेत नसते. या बहिष्कृतांसाठीच १८५४ च्या सुमारास रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी गावाबाहेर वसाहत उभी केली. प्रार्थनामंदिर, शाळा, शेती, सुतारकाम, लोहारकाम, सारे एका आवारात. नाव ठेवले शरणपूर. मिशनने वेगळे गाव वसवले, अशी तक्रार आपण करतो. आणि ती अगदीच निराधार नाही, कारण वेगळ्या गावात राहणारा माणूस हळूहळू वेगळाच होत जातो. पण आपल्या गावाची वेस त्याला आधी कोणी बंद केली, हेही त्याच दमात विचारले पाहिजे.

आता या कथेतील सर्वांत विलक्षण भाग. पूर्व आफ्रिकेतून माणसे धरून विकणाऱ्या अरब व्यापाऱ्यांची गलबते इंग्रजी आरमार समुद्रात अडवीत असे. सोडवलेल्या मुलांना मुंबईस उतरवले जाई. (या व्यापाराचे पाप केवळ अरबांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ नये. झांझिबारच्या जकातीचा मक्ता दीर्घकाळ कच्छच्या जयराम शिवजींच्या पेढीकडे होता.) यांपैकी अनेक अनाथ मुले १८६० च्या सुमारास शरणपुरात आली. आईबापांचा पत्ता नाही, देश कोणता हे धड ठाऊक नाही, अशी ही लेकरे गोदाकाठी अक्षरे गिरवू लागली, ऐरण-हातोडा शिकली.

१८६५ मध्ये प्रख्यात प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन नाशकात आले आणि आपल्या अखेरच्या मोहिमेसाठी त्यांनी येथून नऊ तरुण निवडले. सगळेच काही शेवटपर्यंत टिकले नाहीत. लिव्हिंग्स्टनांनी त्यांच्यावर पुष्कळ आगपाखडही केली आहे. पण १८७२ मध्ये नाशकातून शिकून गेलेल्या तरुणांची आणखी एक तुकडी त्यांच्या मदतीस गेली. मे १८७३ मध्ये आजच्या झांबियातील एका खेड्यात लिव्हिंग्स्टन वारले. तेव्हा सुसी आणि चुमा यांच्या नेतृत्वाखाली या मंडळींनी त्यांचे हृदय तेथेच झाडाखाली पुरले, देह वाळवून कापडात गुंडाळला आणि सुमारे दीड हजार किलोमीटर रान तुडवीत समुद्रकिनाऱ्यावर बागामोयोला आणला. त्या झाडाखाली अंत्यप्रार्थना वाचली ती जेकब वेनराइटने. तो शरणपूरचा विद्यार्थी. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झाले, तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत हा आपल्या नाशकात वाढलेला तरुण होता. इंग्रजी ग्रंथांतून या मुलांचा उल्लेख 'नासिक बॉईज' असाच येतो. जगाच्या इतिहासात आपल्या शहराचे नाव असेही कोरले गेले आहे, आणि ते आपल्यालाच ठाऊक नसावे!

मला मात्र या नावांपाशी अडखळायला होते. सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, कॅरस फरार. आडनावे सगळी मिशनऱ्यांची. आईने या पोरांना कोणत्या नावाने हाक मारली असेल? बेड्या तोडणाऱ्यांनी नावही पुसले. उपकार खरा आणि ही हानीही खरी. एकीने दुसरी खोडली जात नाही. १८७४ मध्ये प्राइस स्वतः मोंबासाला गेले आणि तेथे मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावाने फ्रियरटाउन ही मुक्त गुलामांची वसाहत त्यांनी उभारली. शरणपुरात तयार झालेली माणसे तिचा कणा ठरली. त्यांतील विल्यम जोन्स पुढे दीक्षित पाद्री झाला.

स्वनामाचा, स्वभाषेचा हा प्रश्न आपल्या मराठी ख्रिस्ती बांधवांनीही विचारला. नारायण वामन टिळक ऐन तारुण्यात नाशकात शिकले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई येथून जवळच्या जलालपूरच्या. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या घरावर काय ओढवले, हे 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना सांगायला नको. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी, विशेषतः धर्मांतरावर बोलण्यापूर्वी, अवश्य वाचावे. पण टिळकांनी तुकोबा सोडले नाहीत. कीर्तन आणि अभंग त्यांनी प्रार्थनामंदिरात नेले, आणि १९१७ मध्ये परदेशी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला. ख्रिस्ताला मानायचे तर साहेब कशाला व्हायचे, हा त्यांचा सवाल मिशनलाही झोंबला होता.

१९७० मध्ये नागपुरात अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. नाशिकचे अँग्लिकन चर्चही तिच्यात सामील झाले. सत्ता साहेबाच्या हातून गेली. शरणपूरच्या आसपास आज राहणारी कुटुंबे पाच-सहा पिढ्यांची नाशिककर आहेत. माझ्या वर्गात त्यांतला एक मुलगा होता. तीन वर्षे आम्ही एका बाकावर बसलो. दिवाळीचा फराळ तो दरवर्षी आमच्या घरी येऊन खात असे. मी मात्र नाताळात त्याच्या घरी एकदाही गेलो नाही. त्यानेही कधी का, म्हणून विचारले नाही.