झग्याला विमा, पोराला पट्टा



मी पंडित नाही. मॅट्रिक झालो, गोदीत माल उचलतो, कविता लिहितो. तेव्हा सरळ बोलतो.

आयर्लंड घ्या. कॅथलिक मुलूख. तिथं घर गरीब, बाप मेला, आई लग्नाशिवाय बाळंत झाली, की कोर्ट पोराला 'इंडस्ट्रियल स्कूल'मध्ये धाडायचं. नाव शाळेचं, कारभार कोंडवाड्याचा. चालवायचे ब्रदर आणि नन. सरकार डोईमागं पैसा मोजायचं; जितकी पोरं, तितका पैसा. पाठीवर चामड्याचा पट्टा. रात्री जे व्हायचं ते सांगायला पोरांकडं शब्द नव्हते. सांगितलंच तर आणखी मार. मे २००९मध्ये रायन आयोगाचा अहवाल आला : मुलग्यांच्या संस्थांत लैंगिक अत्याचार पार मुरलेला होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरात मर्फी आयोगानं डब्लिनच्या पाद्र्यांची दप्तरं उघडली. १९७५ ते २००४. काय निघालं? तक्रार आली की पाद्र्याची बदली. नव्या चर्चच्या लोकांना पत्ता नाही. अरे, गोदीत फुटकी पेटी आली तर टॅलीवाला तिच्यावर खडूनं खूण करतो, पुढच्याला कळावं म्हणून. इथं माणूस पाठवला तो खूण पुसून! पोलिसांतले काही बडे अधिकारी तर पाद्री आपल्या हद्दीबाहेरचे समजत.

आणि १९८७ साली धर्मप्रांतानं विमा उतरवला. उद्या पोरांनी दावे लावले तर भरपाईची सोय म्हणून. तोवर किमान १७ पाद्र्यांविरुद्धच्या तक्रारींची माहिती आर्चबिशपांपर्यंत आलेली होती. विमा कशाचा काढतात? धोका ठाऊक असतो त्याचा. मग 'आम्हाला कल्पना नव्हती' हे कुठल्या तोंडानं सांगता? पैशाला विमा, पोराला काय?

लोक म्हणतात, यामुळं पाद्र्यांवरचा विश्वास उडाला. मी म्हणतो, तो विश्वास नव्हताच. पोरापेक्षा झगा खरा, अशी ती दहशत होती. ज्याला जाब विचारता येतो, त्याच्यावरच विश्वास टाकता येतो. माझं भांडण येशूशी नाही, रविवारी चर्चला जाणाऱ्या म्हातारीशी नाही. सगळेच पाद्री तसले, असंही मी म्हणत नाही. पण चांगले होते ते गप्प का बसले, हे विचारणारच.

तिथं बदल झाला तो वरच्यांच्या दयेनं नाही. मार खाल्लेली पोरं मोठी होऊन बोलली. १९९९ साली मेरी राफ्टरीनं त्यांना टीव्हीवर आणलं, तेव्हा पंतप्रधानाला माफी मागावी लागली. डिसेंबर २०१७पासून पाद्र्यालाही अशी खबर सरकारी यंत्रणेला देणं कायद्यानं बंधनकारक झालं.

आपल्याकडं २०१२चा पॉक्सो आहे. ठाऊक असून पोलिसांना कळवलं नाही, तर गप्प बसणाराही गुन्हेगार. आपली पोरं वसतिगृहात, आश्रमशाळेत, मिशनच्या बोर्डिंगात राहतात. समोर झगा असो, भगवं असो, खादी असो, नाहीतर आपलाच पुढारी असो. पोरानं तोंड उघडलं की आधी पोराचं ऐका. मग थेट पोलिसात जा. 'त्याची बदली केली' म्हणाले तर उठू नका. बदली म्हणजे शिक्षा नव्हे. बदली म्हणजे दुसऱ्या गावचं पोर.