रसायनशास्त्र आणि आपल्या मुलांचे गैरसमज



आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेतील कारकून, शास्त्रज्ञ नव्हे. तरीही मंडळाच्या अभ्यासिकेत नववी-दहावीच्या मुलांसोबत बसताना जे दिसते, ते आपणांपुढे मांडणे आम्हांस कर्तव्य वाटते.

साखर विरघळली की ती संपली, असे कित्येक मुले धरून चालतात. पाणी गोड लागते हे त्यांना कबूल. पण वजन वाढेल का विचारले, तर 'नाही' म्हणतात. प्रत्यक्षात ५०० ग्रॅम पाण्यात ५० ग्रॅम साखर घातली तर ५५० ग्रॅमच भरतात. उकळत्या पाण्यातील बुडबुडे म्हणजे सुटलेला हायड्रोजन व ऑक्सिजन, असेही उत्तर येते. ती वाफ असते, म्हणजे पाणीच. वर थंड ताटली धरा, थेंब जमतील. कोळसा जळून 'नाहीसा' होतो, हाही असाच समज. १२ ग्रॅम कार्बन ३२ ग्रॅम ऑक्सिजनशी संयोग पावून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, इतकेच.

याला काही अंशी आपली बोलीही कारण आहे. बर्फ वितळतो, साखर विरघळते. आपण दोन्हींना 'विरघळले' म्हणतो. दुसरे कारण घोकंपट्टी. द्रव्य अक्षय्यतेचा नियम लिहून पूर्ण गुण मिळवणारा मुलगाच साखर संपली म्हणतो! गुणपत्रिकेत हे दिसत नाही. अकरावीत पाया डळमळतो आणि 'विज्ञान आपल्यासाठी नाही' असे तो ठरवून टाकतो. घरात समजावणारे कोणी नसले, तर ते दार कायमचे बंद होते.

बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, ते कलेबरोबर विज्ञानासाठीही. तथागतांनी कालामांना सांगितले, की परंपरा आहे किंवा गुरू सांगतो एवढ्यावरून काही मानू नका, स्वतः पारखा. मग आपल्या मुलांनी पाठ्यपुस्तक तरी न पारखता का मानावे?

म्हणून आमची नम्र विनंती आहे. मंडळाने एक तराजू घ्यावा. महिन्यातून एका रविवारी मुलांनी आधी अंदाज सांगावा, मग स्वतः तोलून पाहावे. अंदाज चुकला तर कोणी हसू नये. का चुकला, ते विचारावे. चुकीचे उत्तर दडपले की ते मनात तसेच राहते. बोलून दाखवले तर दुरुस्त होते.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो. जयभीम! नमो बुद्धाय!