राजकीय मतभेद व ख्रिस्ती माणसाची तटस्थता

(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या नोकरदार व श्रमिक धर्मबंधूंच्या सभेत आपल्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवात आजचा, म्हणजे १ मेचा, दिवस नोकरदार व श्रमिक मंडळींसाठी राखून ठेवावा, ही चालकांची योजना आम्हांस फार समर्पक वाटली. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली हा दिवस श्रमिक संत योसेफ यांच्या सणाचा म्हणून नेमून दिला. १९६० साली याच दिवशी आपले महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. जगभरचे कामगारही हा दिवस आपला म्हणून पाळतात. धर्म, राज्य व श्रम या तिहींची ज्या दिवशी गाठ पडते, त्या दिवशी या तिहींच्या सीमेवर माजणाऱ्या एका तंट्याविषयी चार शब्द बोलावेत असे मनात आले. तो तंटा म्हणजे कामाच्या ठिकाणी होणारे पक्षापक्षांचे वाद.

आरंभी एक घडलेली गोष्ट सांगतो. संबंधित दोघांचीही अनुमती घेतली आहे. नावे मात्र सांगत नाही.

आपल्याच धर्मग्रामातील हे दोन गृहस्थ एका कचेरीत एकाच खात्यात कामाला होते. वीस वर्षे सकाळची एकच चर्चगेट लोकल, दुपारी जेवायला एकच बाक, आणि एकाच्या घरचे कालवण दुसऱ्याच्या पोळीला, असा त्यांचा परिपाठ. पुढे निवडणुकीचे दिवस आले. एकास एक पक्ष प्रिय झाला, दुसऱ्यास दुसरा. प्रथम थट्टा झाली, मग वाद, मग टोमणे. बाकावरचे इतर सोबतीही हळूहळू दोहोंकडे वाटले गेले. अखेर एके दुपारी पहिला गृहस्थ सर्वांसमक्ष म्हणाला, “आमच्या फादरांनीसुद्धा रविवारी मिस्सात हेच सांगितले. तुला फादरांपेक्षा अधिक कळते काय?”

बंधुभगिनींनो, येथे आम्हांस आमचा अपराध कबूल केला पाहिजे. पक्षाचे नाव आम्ही घेतले नव्हते. परंतु त्या रविवारच्या प्रवचनात एक वाक्य आम्ही अशा रीतीने उच्चारले होते की, आमचे बोट कोणाकडे आहे हे ऐकणाऱ्यास सहज कळावे. लोक हसले, आणि आपण मोठे चतुर बोललो असे आम्हांसही वाटले. त्या चतुराईचे पुढे कचेरीच्या बाकावर शस्त्र होईल, हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते.

त्याच रात्री दुसरा गृहस्थ आमच्या दारी आला. तो रागावलेला नव्हता. तसा असता तर आम्हांस सोपे गेले असते. तो एवढेच म्हणाला, “फादर, माझ्या मताचे राहू द्या. ज्या वेदीपुढे मी लहानपणापासून गुडघे टेकले, तेथे मला जागा उरली आहे की नाही, तेवढे सांगा.”

त्या प्रश्नाने आमचे डोळे उघडले. पुढच्या रविवारी आम्ही त्याच वेदीवरून क्षमा मागितली व दोघांच्याही घरी गेलो. दुसरा गृहस्थ पुन्हा मिस्साला येऊ लागला. दोघांचा अबोला मात्र आमच्या एका क्षमायाचनेने मिटला नाही. आज ते एकमेकांस नमस्कार करतात. पण दुपारचे बाक अद्याप दोन आहेत. आमच्या एका वाक्याने जे मोडले ते आम्हांस पुरतेपणी सांधता आलेले नाही, म्हणून हा विषय आम्ही आज निवडला.

आता ख्रिस्ती माणसाने राजकारणात तटस्थ असावे, म्हणजे नेमके काय करावे? आपल्या भाषेत ‘तट’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. तट म्हणजे किनारा. आणि गावात भांडण जुंपले म्हणजे ‘दोन तट पडले’ असेही आपण म्हणतो. तटस्थ हा किनाऱ्यावर उभा असतो, कोणत्याही तटात नसतो. परंतु आपल्या पाचूबंदरच्या कोळी बांधवांना विचारा. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाने कोणी बुडताना पाहिले आणि तरी तो जागचा हलला नाही, तर त्यास ते तटस्थ म्हणणार नाहीत, निष्ठुर म्हणतील. तेव्हा तटस्थता वेगळी आणि उदासीनता वेगळी, हे प्रथम ध्यानात धरावे.

प्रभु येशूच्या काळीही तट होतेच. परुशी व हेरोदी यांचे एकमेकांशी पटत नसे. तरी कैसराला कर द्यावा की नाही, हा प्रश्न घेऊन ते दोघे मिळून प्रभूकडे आले. होय म्हटले तर लोक विटावेत आणि नाही म्हटले तर राज्यकर्त्यांनी धरावे, असा तो डाव होता. प्रभूने नाणे मागून घेतले, त्यावर मुद्रा कोणाची ते विचारले, आणि कैसराचे कैसराला व देवाचे देवाला देण्यास सांगून दोन्ही तटांना निरुत्तर केले. हे उत्तर म्हणजे पळवाट नव्हे. राज्याचा हक्क त्याने मान्य केला व त्या हक्काची मर्यादाही दाखवून दिली. नाण्यावर कैसराची प्रतिमा असली तरी माणसावर देवाची प्रतिमा आहे. म्हणून माणूस संपूर्णपणे कोणत्याही कैसराच्या किंवा कोणत्याही पक्षाच्या स्वाधीन करता येत नाही.

प्रभूने निवडलेल्या बारा प्रेषितांकडेही पाहा. त्यांत मत्तय हा जकातदार होता. म्हणजे परकी सत्तेच्या व्यवस्थेत कर वसूल करून पोट भरणारा. त्यांतच शिमोन होता, ज्यास ‘जिलोत’ म्हणत. जिलोत म्हणजे आवेशी. आणि रोमी सत्तेचा तिटकारा बाळगणाऱ्यांशी या उपाधीचा संबंध पुष्कळ भाष्यकार जोडतात. तसे असेल, तर बाहेर रस्त्यावर भेटले असते तेव्हा ज्यांनी एकमेकांकडे पाहिलेही नसते, असे दोघे प्रभूच्या पंक्तीस शेजारी बसले होते. ‘तुमचा वाद आधी मिटवा, मग पंगतीला या,’ असे प्रभूने त्यांना सांगितल्याचे शुभवर्तमानात कोठेही नाही. त्याने दोघांनाही बोलावले आणि एकाच भाकरीत वाटेकरी केले. आपली वेदी हीच ती पंगत होय.

ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीतही हीच दृष्टी आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली स्पष्ट केले की, ख्रिस्तसभा कोणत्याही राजकीय पद्धतीस बांधलेली नाही. आणि एकाच प्रश्नावर प्रामाणिक श्रद्धावंतांची मते भिन्न होऊ शकतात, तेव्हा ख्रिस्तसभेचा अधिकार केवळ आपल्याच मताच्या बाजूचा आहे, असा दावा कोणी करू नये. १९८३ च्या धर्मसंहितेने आम्हां धर्मगुरूंना शासनसत्तेची पदे स्वीकारण्यास मनाई केली आहे. राजकीय पक्षांत किंवा कामगारसंघांच्या कारभारात आम्ही सक्रिय भाग घेऊ नये असेही तीत सांगितले आहे. ख्रिस्तसभेच्या हक्कांसाठी किंवा लोकहितासाठी ते आवश्यक आहे असे वरिष्ठांस वाटले, तरच त्यास अपवाद. प्रापंचिकांना मात्र ऐहिक व्यवहारात इतर नागरिकांइतकेच स्वातंत्र्य आहे, आणि अट हीच की, आपले खाजगी मत त्यांनी ख्रिस्तसभेची शिकवण म्हणून पुढे करू नये. त्या गृहस्थाने ही अट मोडली खरी. पण त्याच्या हाती ते साधन आम्ही दिले होते.

धर्म एका तटाला बांधला की काय होते, याचा दाखला फ्रान्सच्या इतिहासात आहे. त्या देशात राज्यक्रांतीनंतर पुष्कळ कॅथलिकांची अशी समजूत होऊन बसली की, खरा कॅथलिक तो राजेशाहीचाच पुरस्कर्ता असणार. प्रजासत्ताकाशी त्यांचे वैर आणि प्रजासत्ताकवाद्यांचे ख्रिस्तसभेशी वैर, अशी आग दोहोंकडून धुमसत राहिली. पोप तेरावे लिओ यांनी १८९२ साली फ्रेंच कॅथलिकांस पत्र लिहून प्रस्थापित प्रजासत्ताकाचा स्वीकार करण्यास आणि अन्यायी कायद्यांस विरोध करावयाचा तो सनदशीर मार्गाने करण्यास सांगितले. पुष्कळांनी ऐकले, पुष्कळांनी ऐकले नाही. आणि १९०५ साली तेथे शासन व धर्मसंस्था यांची फारकत झाली, ती मोठ्या कटुतेनेच. याउलट चूक इटलीत झाली. तेथे नव्या राज्याशी असलेल्या वादामुळे कॅथलिकांनी संसदेच्या निवडणुकांपासून दूर राहावे असे धोरण कित्येक वर्षे चालले. ते १९१९ साली पुरते उठविण्यात आले. एकीकडे धर्म पक्षाला जुंपला गेला, दुसरीकडे श्रद्धावंत मतपेटीपासून दूर राहिले. आपणांस दोन्ही वाटा टाळावयाच्या आहेत.

आपल्या देशात तर आपल्या वडीलधाऱ्यांनी याहून चांगला कित्ता घालून दिला आहे. मुंबईच्या माझगावात १८६४ साली जन्मलेले काका बाप्तिस्ता हे कॅथलिक होते व लोकमान्य टिळकांचे सहकारीही होते. होमरूल चळवळीत ते अग्रभागी राहिले, कामगारांच्या संघटनेसाठी झटले, आणि १९२५ साली मुंबई महानगरपालिकेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. ते राजकारणात उतरले ते स्वतःच्या विवेकबुद्धीने व स्वतःच्या जबाबदारीवर.

पुढे घटना समितीत ख्रिस्ती समाजासाठी विधिमंडळांत राखीव जागा ठेवण्याचा विचार होता. १९४९ साली धार्मिक अल्पसंख्याकांसाठीच्या या जागांची तरतूद वगळण्यात आली, तेव्हा हरेंद्रकुमार मुखर्जी व येशूसंघीय फादर जेरोम डिसोझा या ख्रिस्ती सभासदांनी त्या निर्णयाची पाठराखण केली. अवघ्या राष्ट्राच्या सद्भावनेवर विश्वास ठेवून, वेगळा गट म्हणून नव्हे तर नागरिक म्हणून उभे राहण्याचा तो निश्चय होता. म्हणून कचेरीत कोणी विचारले की, ‘तुमचे लोक यंदा कोणाकडे?’ तर निःसंकोच सांगावे, ‘आमच्या लोकांचे एकगठ्ठा मत नसते. ज्याची त्याची सद्सद्विवेकबुद्धी आहे.’

देशाचा कायदाही हेच सांगतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यान्वये उमेदवाराने धर्माच्या नावे मते मागणे हा भ्रष्ट आचार ठरतो; आणि अमक्यास मत दिले वा न दिले तर देवाचा कोप होईल, असे भय मतदारास घालणे हेही त्याच सदरात मोडते. हे कलम वाचताना आम्हांस आमचे ते वाक्य पुन्हा आठवले.

आता रोजच्या व्यवहारासाठी थोडे सांगतो. पहिली गोष्ट, मतदान चुकवू नका. मत कोणास द्यावयाचे ते आम्हांस विचारू नका. विचाराल तर सांगणार नाही. दुसरी, वाद करताना ‘आम्ही ख्रिस्ती’ असा आरंभ करू नका. ‘मला वाटते’ असे म्हणा. तिसरी, आठवी आज्ञा निवडणुकीच्या दिवसांत स्थगित होत नाही. मोबाइलवर आलेला निंदेचा मजकूर खरा की खोटा हे न पाहता पुढे धाडणे म्हणजे खोटी साक्ष देण्यात सामील होणेच होय. आणि तो आपल्या आवडत्या पक्षाला सोयीचा असेल तर दुप्पट काळजी घ्यावी. चौथी गोष्ट तुमच्यापैकी जे अधिकारी आहेत त्यांच्यासाठी. हाताखालच्या माणसाचे मत पाहून त्याची बढती, रजा किंवा पाळी ठरवाल, तर तो उघड अन्याय आहे आणि पापनिवेदनात सांगण्याजोगा आहे.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तुमच्या समोर एखाद्या सोबत्याचा त्याच्या जातीवरून, धर्मावरून किंवा भाषेवरून अपमान झाला, कंत्राटी मजुराची मजुरी बुडविली गेली, किंवा गावाच्या पाण्यावर व जमिनीवर घाला आला, तर तेथे गप्प राहू नका. तो पक्षाचा प्रश्न नसून माणसाचा प्रश्न आहे. आमच्या वसईत दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या रक्षणासाठी लोकांना जागे केले. प्रश्न सार्वजनिक होता व विरोध प्रबळ होता, तरी त्यांनी कोणत्याही पक्षाची उमेदवारी पत्करली नाही. किनाऱ्यावरून उडी कशी घ्यावी, याचा हा धडा आपल्या घरचाच आहे.

मात्र सत्यासाठी बोलणे व माणसाला तोडणे, या दोहोंमधील अंतर विसरू नका. वाद जिंकून सोबती गमावला, तर त्या जिंकण्यात काय मिळाले? सरकारे येतात व जातात. पण तुम्हांस अपघात झाला तर निरोप घेऊन घरी धावत येणारा, तो कचेरीतला माणूसच असतो.

आद्य ख्रिस्ती बांधव रोमी सम्राटापुढे धूप जाळण्यास नकार देत व त्यासाठी प्राणही देत. तरी त्याच सम्राटासाठी ते प्रार्थना करीत. नकारही होता आणि प्रार्थनाही होती. आपणही आपल्या नावडत्या पुढाऱ्यासाठी आठवड्यातून एकदा तरी प्रार्थना करून पाहा. ती करताना मनात राग टिकवून धरणे फार कठीण जाते, हा आमचा स्वतःचा अनुभव आहे.

पन्नास वर्षांत या देवळात किती निवडणुकांची वादळे येऊन गेली असतील! तरी मिस्सात शांतीचे चिन्ह देण्याची वेळ आली की, शेजारी कोणाचा मतदार उभा आहे हे कोणी विचारत नाही. ज्या हाताला तुम्ही रविवारी हात देता, त्याच हाताला सोमवारी दुपारी डबा पुढे करा. आमची तटस्थतेची शिकवण एवढीच आहे. ते दोघे गृहस्थ आज या सभेत आहेत. त्यांनी उद्या एकाच बाकावर बसावे, असे सांगण्याचा अधिकार आम्ही त्या वाक्याबरोबरच गमावला. परंतु प्रार्थना करण्याचा अधिकार अद्याप आमच्याकडे आहे. तुम्हीही आमच्याबरोबर ती करा.

श्रमिक संत योसेफ तुमच्या हातांना काम व तुमच्या वाणीला संयम देवोत, आणि प्रभु येशू आपणां सर्वांस एकाच पंगतीत ठेवो. आमेन.