आकाशातून पडलेले जाते

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. पण अध्यक्षीणबाईंनी "घरातली एखादी जुनी गोष्ट सांगा" म्हणून गळ घातली, तेव्हा आमच्या देव्हाऱ्यातली गोष्ट सांगते.

आमच्या घराला गावात हवालदाराचे घर म्हणतात, हे तुम्हांला ठाऊकच आहे. माझ्या आजेसासऱ्यांचे वडील पहिल्या महायुद्धात समुद्रापलीकडे गेले होते. घरात सारे त्यांना थोरले बाबा म्हणत. ते हवालदार होते, तोफ डागीत होते, असे आमच्याकडे लहान पोरसुद्धा सांगते. माझ्या आजेसासूबाई त्यांच्या हातची सून. त्या मात्र तोफेचे कधी काही सांगत नसत. त्या सांगत जात्याची गोष्ट. थोरले बाबा म्हणायचे म्हणे, "बसऱ्याच्या मुलखात आम्ही वेढ्यात अडकलो होतो, तेव्हा आकाशातून जाते पडले." हे ऐकून सारे हसत. पुढे पुढे घरात कोणी थाप मारली की "पडले बाई जाते" असे म्हणण्याची रीतच पडली. मीही नवी नवरी असताना हसले आहे, खोटे कशाला सांगू?

आमच्या देव्हाऱ्यात टाकांबरोबर एक वाटोळा बिल्ला असे. त्यावर घोड्यावर बसलेला एक पुरुष आहे. आजेसासूबाई त्याला खंडोबा समजून हळद वाहत. माळेगावच्या जत्रेहून आणलेला भंडारा त्याला आधी लागे. चारपाच वर्षांमागे दिवाळीला मी टाक चिंचेने घासत होते. बिल्ल्याच्या कडेवरचा मळ निघाला आणि बारीक इंग्रजी अक्षरे दिसली. दुसऱ्या अंगाला कोणा राजाचे तोंड होते. आमचा खंडोबा इंग्रजांचा निघाला!

आपल्यातल्याच एका सभासदबाईंची मुलगी नांदेडला कॉलेजात आहे. तिने भिंग लावून अक्षरे वाचली. एक नंबर, थोरल्या बाबांचे नाव, त्याच्या अलीकडे 'कुक' आणि शेवटी '११७ मराठाज'. बिल्ला म्हणजे १९१४ ते १९१८ च्या युद्धाचे पदक, आणि राजा म्हणजे पंचम जॉर्ज. मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून माझ्या पोटात कालवले. हे पदक लढणाऱ्या शिपायाला चांदीचे मिळे. काशाचे पदक मजुरांना, हमालांना, पलटणीच्या नोकरमाणसांना दिले जाई. आमचे काशाचे. थोरले बाबा हवालदार नव्हते. ते लांगरी होते, पलटणीचे स्वयंपाकी.

घरात सांगितले तेव्हा थोरले चुलतसासरे रागावले. "सूनबाई, चार पिढ्यांचे नाव आहे. बिल्ला जागेवर ठेवा अन् गप्प बसा," म्हणाले. मी बिल्ला जागेवर ठेवला. गप्प बसणे काही जमले नाही.

आपला मुलूख तेव्हा निजामाचा. म्हणून आधी मला वाटले, थोरले बाबा निजामाच्या फौजेतून गेले असतील. हैदराबादचे घोडदळ त्या युद्धात सुवेझ कालवा आणि पॅलेस्टाईनकडे गेले होते. दिल्लीला तीन मूर्तींचे स्मारक आहे, त्यातली एक मूर्ती हैदराबादच्या स्वारांची, दुसऱ्या दोन जोधपूर आणि म्हैसूरच्या. परंतु ११७ मराठा ही इंग्रजांच्या फौजेतली पलटण. आजेसासूबाई म्हणत की थोरले बाबा भावाशी भांडून सोलापूरकडे पोट भरायला गेले होते. तिकडूनच ते भरती झाले असणार.

ही पलटण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेली. तिथे तैग्रिस नदीच्या काठी कूत नावाचे गाव आहे. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी तिथे इंग्रजांच्या फौजेला वेढा घातला. आत १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. वेढा २९ एप्रिल १९१६ पर्यंत टिकला, जवळजवळ पाच महिने. सोडवायला आलेल्या फौजेतले सुमारे तेवीस हजार लोक मेले किंवा जखमी झाले, तरी वेढा फुटला नाही.

आत काय खात होते, ते मी त्या मुलीकडून दोनदा वाचून घेतले. धान्य संपत आले तेव्हा घोडे आणि खेचरे कापली. आपल्या लोकांनी ते मांस खाण्यास नकार दिला. मग हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून तारेने परवानगी मागविली, तरी कितीएक दिवस पुष्कळांनी तोंडाला लावले नाही. जवाच्या पिठावर आणि नदीकाठच्या पाल्यावर राहिले. हिरड्या सुजून रक्त येऊ लागले. अशा वेळी चुलीपुढे बसलेल्या माणसाचे काय होत असेल, ते तुम्हां-आम्हांला कोणी समजावून सांगायला नको. आजेसासूबाई सांगत, थोरले बाबा परातीला चिकटलेले पीठसुद्धा वाया जाऊ देत नसत, आणि पावसाळ्यात बांधाबांधाने फिरून तरोटा, तांदुळजा, घोळ खुडून आणीत. लोक म्हणत, बायकी माणूस आहे.

आणि पुढे त्या मुलीने वाचले की वेढ्यात धान्य होते, पण दळायला पुरेशी साधने नव्हती, म्हणून विमानातून जात्याच्या तळ्या खाली टाकल्या. नंतर एप्रिलात पिठाची पोतीही टाकली. मी तिला म्हटले, "पुन्हा वाच." तिने पुन्हा वाचले. मी उठून आत गेले आणि देव्हाऱ्यासमोर बसून रडले. शंभर वर्षे आम्ही त्या माणसाला हसलो होतो.

शरण गेले तेव्हा आत सुमारे तेरा हजार माणसे होती. त्यांत तीन हजारांहून जास्त अशी नोकरमाणसे होती. कैद्यांना वाळवंटातून चालवीत नेले, रेल्वेच्या कामाला लावले. वाटेत आणि कामावर हजारो मेले. थोरले बाबा युद्ध संपल्यावर परतले. वेढा सांगत, पण त्यापुढचे त्यांनी घरात कधी काढले नाही. मेलेल्यांची स्मारके बसऱ्याला आहेत, दिल्लीच्या इंडिया गेटवर नावे आहेत. जिवंत परतलेल्या लांगऱ्याचे नाव आमच्या बिल्ल्याच्या कडेवर तेवढे आहे. मेसोपोटेमियात गेलेल्या सुमारे पाच लाख नव्वद हजार हिंदी माणसांपैकी जवळजवळ निम्मी अशीच होती: स्वयंपाकी, पखाली, डोलीवाले, हमाल. बंदूक त्यांच्या हाती नव्हती, पण गोळी त्यांना चुकत नव्हती.

तुम्ही म्हणाल, घरच्यांच्या मनाविरुद्ध हे इथे का बोलते? मला विचाराल तर, तोफेची गोष्ट खोटी आणि जात्याची खरी निघाली. मग खरी तेवढी सांगायची. हवालदाराचे घर म्हणा, लांगऱ्याचे म्हणा, दार तेच आहे. आज चुलतसासरे मंडपात मागच्या बाजूला बसले आहेत, हे मला दिसते आहे. काल रात्री जेवताना त्यांनी मान वर न करता विचारले, "सूनबाई, ते जाते केवढे होते म्हणे?" मी ओसरीवरचे आमचे जुने जाते दाखविले. त्यांनी त्याची वरची तळी हाताने उचलून पाहिली आणि हळूच खाली ठेवली.