क्लाउनफिशची जोडी जमवताना

खाऱ्या पाण्याच्या टाकीत दोन क्लाउनफिश सोडले, की सुरुवातीला पाठलाग, धडका, परांचे लचके असं बरंच काही दिसतं. त्यातलं पुष्कळसं लग्नाआधीचं मानपान समजा.

या माशांत जन्मतः मादी कुणीच नसतं. सर्वांत मोठा, दांडगा मासा पुढे मादी होतो. दुसऱ्या क्रमांकाचा नर. मादी मेली तर तो नरच मादी बनतो. म्हणजे २००३च्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटातले निमोचे बाबा, त्याची आई गेल्यावर, खरं तर आई व्हायला हवे होते! मात्र मादी झालेला मासा पुन्हा नर होत नाही. म्हणूनच दोन माद्या एकत्र ठेवणं जिवावर बेततं. दुकानातून एक मोठा नि एक लहान घ्यावा, किंवा दोन्ही पिल्लंच.

लहान मासा मोठ्यासमोर तिरका होऊन थरथरला, तर तो आजारी नाही, शरणागती पत्करतोय. पण त्याचे पर फाटले, तो खायला येईना, कोपऱ्यात वरच तरंगत राहिला, तर त्याच टाकीत भोकं असलेल्या पारदर्शक डब्यात त्याला वेगळं ठेवा आणि काही दिवसांनी पुन्हा सोडून पाहा.